ओहायो नदीच्या काठानं चार दिवस, शोबोटींच्या मागावर

बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे, अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबसला आले होते. मॉल, लायब्ररी, देऊळ, पार्क सगळं दोनदा करून झालं, मग एका रात्री जेवताना म्हणाले, "इथे जत्रा नसते का गं?" मी म्हटलं असते ना, आणि सप्टेंबरमधे नदीकाठची असते, बोटींची. माझ्या डोक्यात मॅरिएटाचा स्टर्नव्हील फेस्टिव्हल होता, लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) झाला की पुढच्या वीकेंडला भरतो, 1976 पासून. आणि खरं सांगायचं तर मला त्या निमित्तानं शोबोटींची गावं बघायची होती. शोबोट म्हणजे तरंगतं थिएटर. आत स्टेज, पडदा, खुर्च्या, वरच्या मजल्यावर कलाकारांच्या खोल्या, आणि ही अख्खी बोट नदीतून गावोगाव फिरणार, एका गावी एक रात्र, खेळ झाला की पुढचं गाव. बाबांना एवढं सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे पाण्यावरचा फड." तिथेच ट्रिप ठरली. मी, बाबा आणि माझी नऊ वर्षांची लेक.

(ही ट्रिप 2022 च्या सप्टेंबरची आहे, लिहायला उशीर झालाय, तेव्हा वेळा आणि तिकिटं जायच्या आधी एकदा बघून घ्या.)

दिवस पहिला, शुक्रवार: मॅरिएटा

कोलंबसहून दोन तास, रस्ता सोपा. शेवटी शेवटी डोंगर सुरू होतात आणि मग अचानक खाली नदी दिसते. मॅरिएटा 1788 साली वसलं, ओहायोतलं पहिलं कायमचं गाव. मस्किंगम नदी इथे ओहायो नदीला मिळते, आणि गाव बरोब्बर संगमावर आहे. विटांचे रस्ते, जुनी घरं, आणि काठावर आधीच खुर्च्यांच्या रांगा लावलेल्या. लोक घरून घडीच्या खुर्च्या आणून उद्याच्या आतषबाजीसाठी जागा धरून जातात, खुर्ची तिथेच सोडून घरी, कुणी हात लावत नाही. बाबा त्या रिकाम्या खुर्च्या बघत बराच वेळ उभे होते.

बोटी एकेक करून येत होत्या. पाठीमागे मोठं लाल चाक, ते फिरतं आणि पाणी मागे फेकतं, म्हणून स्टर्नव्हीलर. बहुतेक बोटी आता खाजगी आहेत, आत डिझेल इंजिन, पण चाक खरंच चालतं. एका बोटीचे मालक, सत्तरीच्या पुढचे असतील, चाकाला ग्रीस लावत बसले होते. लेक जवळ जाऊन टक लावून बघायला लागली तर त्यांनी सरळ वर बोलावलं. चाकाच्या लाकडी फळ्यांना बकेट म्हणतात हे तिथे कळलं. ओल्या, लाल रंगाच्या, कडा झिजून गोल झालेल्या, आणि दोन फळ्यांच्या मधे नदीतलं गवत अडकलेलं. त्यांनी एक फळी हातानं थोपटून दाखवली, ओंडका आदळला की एकदोन फळ्या तुटतात पण चाक वाचतं, म्हणून फळ्या लाकडाच्या आणि बदलायला सोप्या.

मी विचारलं शोबोटींनापण असंच चाक असायचं का. ते हसले आणि म्हणाले हा प्रश्न सगळेच विचारतात. नाही. शोबोट म्हणजे नुसता सपाट तराफा आणि त्यावर थिएटर, तिला स्वतःचं इंजिन नाहीच. इंजिन आणि बॉयलर आत बसवले तर प्रेक्षक कुठे बसवणार? म्हणून एक छोटी चाकाची बोट तिला मागून ढकलत न्यायची. सिनेमात दाखवतात ती धुरांड्यांची, चाकाची, रोषणाईची शोबोट खऱ्या शोबोटीसारखी नसतेच. तराफ्याचा आणखी एक फायदा, तो पाण्यात फारसा खोल जात नाही. ओहायो नदीवर बंधारे आणि लॉक्सचं (बोटी वरखाली करायच्या पाण्याच्या जिन्यांचं) काम पुरं झालं 1929 मधे, त्याआधी उन्हाळ्यात कित्येक ठिकाणी माणूस चालत नदी ओलांडायचा. अशा नदीत आणि तिच्या लहान लहान उपनद्यांमधे शिरायचं तर बोट उथळच हवी.

संध्याकाळी कॅलिओपी वाजली. वाफेवर चालणाऱ्या शिट्ट्यांचा पियानो समजा. मॅसॅच्युसेट्सच्या जोशुआ स्टोडार्डनं 1855 साली याचं पेटंट घेतलं. नदीवरची माणसं त्याला कॅलीओप म्हणतात, पुस्तकी उच्चार केला की लगेच कळतं बाहेरचा आहे. सूर थोडे हलतात कारण वाफेचा दाब वरखाली होतो, पण आवाज असा की छातीत घुमतो. डोंगरावर आपटून परत येतो. पूर्वी शोबोट गावाच्या वळणावर आली की हेच वाजवायची आणि मैलोन्‌मैल शेतात काम करणाऱ्यांना कळायचं की आज रात्री खेळ आहे. बाबा म्हणाले, "हलगी." मग थोड्या वेळानं म्हणाले, "आम्ही हलगी ऐकली की गुरं तशीच टाकून पळायचो."

जेवण: स्टॉलवर भाजलेलं कणीस, तळलेल्या हिरव्या टोमॅटोच्या चकत्या (बाबांना खूप आवडल्या, दोनदा घेतल्या) आणि लेकीला फनेल केक. शाकाहारी असाल तर स्टॉलवर पोट भरतं, पण रोख पैसे जवळ ठेवा. आणि फेस्टिव्हलच्या वीकेंडला गावात खोली मिळणं कठीण, आम्ही जूनमधेच बुक केली होती.

दिवस दुसरा, शनिवार: मॅरिएटा

सकाळी सात वाजता खिडकीतून नदी दिसेना. पूर्ण धुकं. सप्टेंबरमधे या खोऱ्यात बऱ्याचदा सकाळी धुकं असतं आणि दहापर्यंत विरतं, त्यामुळे फोटो काढायचे तर साडेनऊच्या सुमारास जा, तेव्हा बोटी अर्ध्या दिसतात आणि ते दृश्य सगळ्यात सुंदर.

सकाळ ओहायो रिव्हर म्युझियममधे. मस्किंगमच्या काठावर बांधून ठेवलेली डब्ल्यू पी स्नायडर ज्युनियर ही 1918 ची वाफेवरची बोट, ढकलायचं काम करणारी, आणि बाहेर टेल सिटी नावाच्या जुन्या बोटीचं नुसतं पायलटहाऊस, म्हणजे सुकाणूची खोली. (म्युझियमची नवी इमारत नंतर बांधायला घेतली, तेव्हा जाण्याआधी चौकशी कराच.) इथून पुढे मी जे लिहितेय ते बरंचसं मी आधी वाचलेलं होतं, पण त्या बोटींसमोर उभं राहिल्यावर ते नीट लागलं.

ही सगळी परंपरा सुरू झाली 1831 मधे पिट्सबर्गला. विल्यम चॅपमन नावाचे इंग्लंडहून आलेले नट, सगळं कुटुंबच नाटकात. त्यांनी साधारण शंभर फूट लांब आणि जेमतेम सोळा फूट रुंद अशी तरंगती खोली बांधून घेतली, नाव ठेवलं फ्लोटिंग थिएटर. एका टोकाला स्टेज, मधे बाकं, मेणबत्त्यांचा उजेड. पिट्सबर्गहून प्रवाहाबरोबर खाली वाहत जायचं, वाटेत प्रत्येक गावी खेळ, थेट न्यू ऑर्लिन्सपर्यंत. तिथे बोट लाकडाच्या भावात विकायची कारण प्रवाहाविरुद्ध ती परत आणता येत नाही, वाफेच्या बोटीनं पिट्सबर्गला परत यायचं आणि पुढच्या वर्षी नवी बांधायची. तिकीट पन्नास सेंट, पण खेड्यात रोकड कुणाकडे असणार, मग बटाटे द्या, खारवलेलं मांस द्या, तेही चालायचं. बाबा हे ऐकून एकदम खूश. त्यांच्या लहानपणी फड गावात मुक्कामाला आला की घराघरातून ज्वारी आणि पीठ जायचं म्हणे. खेळ नसेल तेव्हा चॅपमनांची मंडळी बोटीच्या कडेला बसून मासे धरायची, संध्याकाळच्या जेवणाची तीच सोय.

नंतर बोटी वाढल्या. 1851 च्या सुमारास सिनसिनाटीत स्पॉल्डिंग आणि रॉजर्स या दोघांनी फ्लोटिंग पॅलेस बांधली, त्यात चक्क सर्कस, घोडे रिंगणात पळायचे आणि तीन हजारांवर माणसं बसायची. यादवी युद्धात नदीवरचे खेळ थांबले. पुन्हा जोर आला तो 1878 ला ऑगस्टस फ्रेंच यांच्या न्यू सेन्सेशन या बोटीपासून. त्यांच्या बायको कॅली फ्रेंच. या बाईंनी पायलटचं आणि कॅप्टनचं अशी दोन्ही लायसन्स मिळवली, दुसरी बोटही चालवली. लेकीनं दोनदा विचारून खात्री केली, "त्या खरंच बोट चालवायच्या?" मी म्हटलं हो, आणि त्या नाटकातपण काम करायच्या.

कार्यक्रम कसा असायचा तर आधी मेलोड्रामा, गरीब मुलगी, दुष्ट सावकार, शेवटी न्याय, मधल्या वेळात बक्षिसाच्या चिठ्ठ्या असलेल्या गोळ्यांची पाकिटं विकायची, आणि नाटक संपल्यावर गाणी, नाच, विनोद, त्याला कॉन्सर्ट म्हणायचे आणि त्याचं तिकीट वेगळं. बाबा म्हणाले आपल्याकडे उलटं, आधी गण-गवळण, बतावणी आणि मग वग.

एक गोष्ट लिहायलाच हवी. या बोटींवर गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून काळ्या माणसांची थट्टा करायचे मिन्स्ट्रेल शो हा कार्यक्रमाचा नेहमीचा भाग होता, आणि काळ्या प्रेक्षकांना बसायचं तर वर बाल्कनीत, वेगळं. ज्या गावांत लोक याबद्दल प्रेमानं बोलतात तिथे हेही झालेलं आहे. मला त्या रंगीत पोस्टरांसमोर उभं राहून लेकीला हे सांगताना जड गेलं, पण सांगितलं. बाबा म्हणाले, "आपल्याकडे पण कलावंतांना गावात घेत नव्हते, वेशीबाहेर राहुट्या." मग आम्ही तिघं जरा वेळ गप्पच होतो.

दुपारी आमची ट्रिपमधली सगळ्यात चांगली भेट झाली. काठावर सावलीत एका आजींच्या शेजारी जागा होती, बाबांना बघून त्यांनी पिशवी उचलून जागा केली. बोलता बोलता कळलं की त्यांनी तरुणपणी बेकी थॅचरवर काम केलेलं. ही बोट मूळची 1926 च्या सुमाराची, सरकारी पाहणीची, मग सत्तरच्या दशकाच्या मध्यात मॅरिएटाला आली आणि मस्किंगमच्या काठाला बांधून तिच्यावर थिएटर सुरू झालं. उन्हाळाभर मेलोड्रामा. प्रेक्षकांनी खलनायकाला हूट करायचं, नायिकेसाठी उसासे टाकायचे, पॉपकॉर्न फेकायचं. आजी आधी तिकीटखिडकीवर होत्या, मग एका उन्हाळ्यात कोणीतरी आजारी पडलं म्हणून स्टेजवर गेल्या, आणि मग उतरल्याच नाहीत, सहा उन्हाळे. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. कोळशाचे बार्ज (सपाट मालवाहू तराफे) नदीतून गेले की जरा वेळानं त्यांच्या लाटा येऊन बोट हलायची. स्टेजवरचे दिवे आधी डुलायला लागायचे. दिवा डुलला की नटांना कळायचं, आता पायाखाली हलणार, मग सगळे एखादं वाक्य थांबायचे, पाय फाकवून उभे राहायचे, लाट जाऊ द्यायचे आणि पुढचं वाक्य. प्रेक्षकांना वाटायचं नाटकातला पॉज आहे. आजींनी बसल्या बसल्या ते करून दाखवलं, दोन्ही पावलं जमिनीवर घट्ट रोवली, वर बघितलं आणि थांबल्या.

बोट 1984 मधे बुडाली, वर काढली, परत नाटकं झाली. शेवटी ती मॅरिएटातून गेली आणि 2010 च्या हिवाळ्यात पिट्सबर्गजवळ पुन्हा बुडाली. "तिला इथेच ठेवायला हवी होती," एवढंच म्हणाल्या. बाबांनी त्यांना खिशातली वेलची दिली. त्यांनी आधी वास घेतला, मग तोंडात टाकली.

रात्री आतषबाजी. दोन्ही तीरांवर माणसं, पलीकडे वेस्ट व्हर्जिनिया, मधे बोटींचे दिवे. शेवटी सगळ्या बोटींनी एकदम भोंगे वाजवले. पार्किंगमधून बाहेर पडायला तास लागतो, त्यामुळे चालत जाता येईल अशी खोली घ्या.

दिवस तिसरा, रविवार: शर्यत आणि पार्कर्सबर्ग

सकाळी बोटींची शर्यत. वेग फार नसतो पण दोन बोटी शेजारी शेजारी आल्या की काठावरचे लोक बेंबीच्या देठापासून ओरडतात. आमच्या फळीवाल्या आजोबांची बोट हरली, लेक हिरमुसली, ते मात्र लांबून टोपी हलवत गेले.

निघण्याआधी वेळ असेल तर मस्किंगमवरची लॉक्स बघा. 1841 मधे ही सगळी व्यवस्था सुरू झाली आणि दरवाजे आजही माणसं हातानं दांडा फिरवून उघडतात. लॉक म्हणजे पाण्याचा जिना. बोट आत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरायचं किंवा सोडायचं, बोट वर किंवा खाली. शोबोटी अशाच लॉक्समधून आतल्या गावांपर्यंत जायच्या. चालू असण्याचे दिवस ठरलेले असतात, आधी बघून जा.

पार्कर्सबर्ग तिथून वीस मिनिटांवर, नदीच्या वेस्ट व्हर्जिनियाच्या बाजूला. इथे 1909 मधे गोल्डनरॉड बांधली गेली, शोबोटींमधली सगळ्यात थाटाची, दोनशे फूट लांब, चौदाशे खुर्च्या. आज तिथे बघण्यासारखं त्यातलं काही उरलेलं नाही हे मला माहीत होतं तरी मी गेले. पूर अडवायला बांधलेली उंच भिंत, तिच्यातल्या दारातून खाली पॉइंट पार्क, आणि नदी. गोल्डनरॉड पुढे सेंट लुईसला कित्येक वर्षं होती, 1967 मधे तिला राष्ट्रीय वारसा म्हणून मान मिळाला आणि 2017 मधे इलिनॉयमधे ती जळून गेली. मला याचा फार त्रास होतो. वारसा म्हणून पाटी लागल्यावर पन्नास वर्षं हातात होती. लाकडाची बोट आहे, दरवर्षी तळ बघावा लागतो, पैसे लागतात, आणि प्रत्येक मालक म्हणतो पुढच्या वर्षी.

शोबोटी संपल्या कशानं? रस्ते झाले, मोटारी आल्या, सिनेमा आला, मग रेडिओ आणि मंदी. पूर्वी गावाला नदीशिवाय जगाशी जोडणारं काही नव्हतं म्हणून करमणूक नदीतूनच यायची, डांबरी रस्ता झाल्यावर तरुण मुलं शनिवारी गाडी काढून शहरात जायला लागली. बाबा गाडीत बसल्या बसल्या म्हणाले, "आमच्या इथे व्हिडिओ आला त्या वर्षी तंबू अर्धा रिकामा होता." मी आरशात बघितलं, ते खिडकीबाहेर बघत होते.

दिवस चौथा, सोमवार: पॉइंट प्लेझंट

ओहायोच्या बाजूचा रूट 7 घ्या, हायवेपेक्षा वेळ जास्त लागतो पण नदी अधूनमधून सोबत असते. पोमरॉय नावाच्या चिंचोळ्या गावाच्या अलीकडे रस्त्याकडेला एक बाई टेबल लावून हिरवट पिवळी फळं विकत होत्या. पॉपॉ! ओहायो राज्याचं अधिकृत देशी फळ, आणि हे सप्टेंबरच्या आसपासच मिळतं कारण तोडलं की दोनतीन दिवसांत काळं पडतं, त्यामुळे दुकानात येतच नाही. बाबांनी फळ हातात घेऊन दाबलं, फोडलं, आत पिवळा मऊ गर आणि मोठ्या चपट्या तपकिरी बिया. एक चमचा खाल्ला आणि म्हणाले, "अगं, हे सीताफळाच्या घरातलं आहे." बरोबर आहे, दोन्ही एकाच कुळातली झाडं. चव केळं, आंबा आणि सीताफळ यांच्या मधली कुठलीतरी. सहा घेतली, गाडीतच संपवली, बिया बाबांनी रुमालात बांधून घेतल्या.

पॉइंट प्लेझंट म्हणजे कनावा नदी ओहायोला मिळते ते गाव. हल्ली लोक येतात ते मॉथमॅन या इथल्या दंतकथेतल्या पंखवाल्या प्राण्याच्या पुतळ्यासाठी, लेकीनंपण फोटो काढला. जवळच सिल्व्हर ब्रिजचं स्मारक आहे, 15 डिसेंबर 1967 ला संध्याकाळच्या गर्दीत पूल कोसळला आणि 46 माणसं गेली. जरूर थांबा.

मला मात्र हे गाव बघायचं होतं ब्रायंट आणि रेनॉल्ड्स या दोन घराण्यांसाठी. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी ब्रायंट कुटुंबानं आपली शोबोट इथेच बांधली. आईवडील, मुलं, सुना सगळे स्टेजवर, आणि बिली ब्रायंट पुढे सिनसिनाटीत इतका लोकप्रिय झाला की शहरातले लोक गाड्या करून काठावर नाटकाला यायचे. दुसरे कॅप्टन टॉम रेनॉल्ड्स, याच गावचे, त्यांची मॅजेस्टिक 1923 ची. पोरंबाळं बोटीवरच वाढली, तिथेच अभ्यास, तिथेच काम, तिकिटं फाडायला शिकली की मग स्टेजवर. शोबोटींचा जमाना गेला तरी मॅजेस्टिक टिकली, हायरम कॉलेजची मुलं 1948 पासून उन्हाळ्यात तिच्यावर नाटकं करायची, मग इंडियाना युनिव्हर्सिटी, मग 1967 ला सिनसिनाटी शहरानं घेतली आणि 2013 पर्यंत तिच्यावर खेळ झाले. 2019 मधे शहरानं ती विकली.

दुपारी तीनच्या सुमारास आम्ही पुराच्या भिंतीच्या दारातून नदीवर उतरलो. भिंतीवर आतून मोठी मोठी चित्रं आहेत, 1774 मधे इथेच झालेल्या लढाईची. आणि खाली पाण्याच्या तोंडाशी गावानं अॅम्फीथिएटर बांधलंय, नदीकडे तोंड करून पायऱ्यापायऱ्यांनी बसायची जागा. उन्हाळ्यात कार्यक्रम होतात, त्या दिवशी कोणी नव्हतं. ऊन कडक होतं, पायऱ्या तापलेल्या, बाबांनी रुमाल पसरला, बियांची पुरचुंडी शेजारी ठेवली आणि बरोबर मधल्या रांगेत बसले. लेक खाली पाण्यापाशी दगड टाकत होती.

वरच्या वळणावरून बार्ज आले, तीन तीनच्या रांगा, कोळशानं भरलेले, मागून एक टोबोट ढकलत होती. आवाज आधी आला, मग ती लांबलचक रांग आमच्या समोरून सरकत गेली, पाच मिनिटं तरी लागली असतील. ती गेली, नदी परत गुळगुळीत झाली, आणि मग काही वेळानं लाटा आल्या आणि खालच्या पायरीवर आपटल्या. लेक ओरडत वर पळाली.

बाबांनी दोन्ही पावलं पायरीवर घट्ट रोवली, वर बघितलं, आणि लाट जाईपर्यंत थांबले.